बिअरबद्दल मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

ग्रुपमधला कुणी पहिल्यांदा मायक्रोब्रुअरीत, म्हणजे जागीच बिअर बनवून देणाऱ्या ठिकाणी, गेला की मेनूचा फोटो काढून मला पाठवतो आणि खाली लिहितो, भावा यातलं काय मागवू. मी ब्रुअर, म्हणजे बिअर बनवणारा, नाही, माझं शिक्षणही त्यातलं नाही, पुण्यात नोकरी करतो आणि पंधराएक वर्षं बिअर पितोय एवढंच. पण एक-दोनदा उत्तर बरोबर निघालं आणि तेव्हापासून हे काम गळ्यात पडलंय. तेच तेच टाइप करून बोटं दुखली म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतो. २१ च्या आतल्यांनी इथूनच परत फिरा.

लागर आणि एल, फरक काय नेमका?

यीस्टचा. रंगाचा नाही, कडकपणाचा नाही, किमतीचा तर नाहीच नाही. एलचं यीस्ट साधारण १५ ते २४ डिग्रीत खूश असतं, भराभर काम उरकतं आणि उरकता उरकता फळांचे, मसाल्यांचे वास मागे सोडून जातं. लागरचं यीस्ट थंडीतलं, ७ ते १३ डिग्रीत निवांत आंबवत बसतं, आणि त्यानंतरही ती बिअर शून्याच्या आसपास काही आठवडे नुसती ठेवून देतात. जर्मनमध्ये साठवून ठेवण्याला जो शब्द आहे त्यावरूनच लागर हे नाव आलं. त्यामुळे लागर चवीला स्वच्छ, कोरी लागते. इडलीचं पीठ मे महिन्यात ओट्यावर ठेवलं तर रात्रीतच डब्याबाहेर येतं आणि डिसेंबरात दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याच्याकडे बघत बसावं लागतं, आणि दोन्हींचा वासही एकसारखा नसतो, तसंच काहीसं. (हे उदाहरण मी आईसमोर दिलं होतं. परत देणार नाही.)

दुकानात मिळणाऱ्या किंगफिशर, ट्युबर्ग, कार्ल्सबर्ग, बडवायझर, गोव्याची किंग्स, या सगळ्या लागर. म्हणून कुणी मला म्हणालं की मला बिअर आवडतच नाही, तर मी धरून चालतो की याला लागर आवडत नाही, बाकीचं याने अजून चाखलेलंच नाही.

मग पिल्सनर काय असतं? महाग लागर?

लागरचंच एक घराणं. आजच्या चेक देशात पिल्सेन नावाचं गाव आहे, तिथली बिअर इतकी खराब व्हायला लागली की १८३८ मध्ये लोकांनी ३६ पिंपं भर चौकात ओतून दिली असं सांगतात. मग गावाने मिळून नवीन ब्रुअरी काढली, बव्हेरियातून जोसेफ ग्रोल नावाचा ब्रुअर बोलावला आणि त्याने १८४२ मध्ये फिकट माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), तिथलं मऊ पाणी आणि तिथल्याच साझ जातीच्या हॉप्समधून (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) सोनेरी लागर काढली. आज बिअर म्हणल्यावर डोळ्यासमोर जे पिवळंधमक आणि वर पांढरा फेस असं चित्र येतं ना, ते तिथून आलंय. आपल्याकडच्या माइल्ड बिअर याच वंशातल्या, फक्त तांदूळ किंवा मका मिसळून हलक्या केलेल्या आणि हॉप्सचा हात आखडलेल्या. चांगली पिल्सनर शेवटी जिभेवर एक कोरडा कडवटपणा ठेवून जाते, मेथीच्या भाजीसारखा, आणि त्यामुळेच दुसरा घोट घ्यावासा वाटतो.

व्हीट बिअरमध्ये केळं घालतात का?

नाही घालत, आणि हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतोच. जर्मन हेफेवायझनमध्ये निम्म्याहून जास्त धान्य गहू असतं आणि तिचं यीस्ट आंबवताना स्वतःच केळ्याचा आणि लवंगेचा वास तयार करतं, केळ्यात जो वासाचा घटक असतो तोच यातही बनतो. गढूळ दिसते कारण यीस्ट आणि गव्हाची प्रथिनं तिच्यात तशीच ठेवलेली असतात, खराब झालेली नसते, वेटरला परत करू नका.

बेल्जियन विटबिअर वेगळी. तिच्यात खरोखर घालतात, संत्र्याची साल आणि धणे. हो, धणे, आपल्या मसाल्याच्या डब्यातले. ही स्टाइल जवळजवळ संपली होती, १९६६ मध्ये होगार्डन गावात पिएर सेलिस नावाच्या एका माणसाने ती परत सुरू केली. ज्यांना कडू सहन होत नाही त्यांना मी डोळे झाकून या दोनपैकी एक सांगतो आणि आजपर्यंत कुणी शिव्या घातल्या नाहीत.

काळी बिअर म्हणजे जास्त स्ट्राँग ना?

अजिबात नाही. रंग धान्य किती भाजलंय त्यावरून येतो, दारू किती आहे त्यावरून नाही. गिनेस ड्राफ्ट दिसायला डांबर, पण अल्कोहोल ४.२ टक्के, म्हणजे आपल्या माइल्डपेक्षाही कमी. स्टाउट म्हणजे अशी काळी एल, तिच्यात बार्ली पार काळी होईपर्यंत भाजलेली असते म्हणून कॉफी, कोको, कडेला किंचित करपलेली भाकरी अशा चवी लागतात. ज्याला बिनसाखरेची काळी कॉफी आवडते त्याला स्टाउट आवडते असा माझा अनुभव आहे, आणि जो चहात तीन चमचे साखर घालतो त्याने पहिलीच बिअर म्हणून ती मागवू नये.

स्ट्राँग पितो मी. त्यात वाईट काय?

वाईट काहीच नाही, मीसुद्धा तिथूनच आलोय. फक्त एक समजून घे, स्ट्राँग ही स्टाइल नाही, तो आकडा आहे. आपल्या नियमात ५ टक्क्यांपर्यंत माइल्ड आणि त्याच्या वर ८ पर्यंत स्ट्राँग, बस. चव कशी आहे याबद्दल तो शब्द काहीच सांगत नाही. बेल्जियन ट्रिपेल ८ च्या आसपास जाते आणि तिला मधाचा, मिरीचा वास असतो. म्युनिकचे ख्रिस्ती साधू उपासाच्या दिवसांत जेवण बंद म्हणून दाट गोडसर बिअर पोटभरीला प्यायचे, त्यातूनच डॉपलबॉक आली, तीही ७ च्या पुढे. (ते उपासाला बिअर सुरू करायचे आणि आपण श्रावणाला बंद करतो, म्हणून आदल्या दिवशी गटारी. दोन्हीकडे धर्मच.)

आपली स्ट्राँग मात्र चढावी म्हणूनच बनते आणि चढावी म्हणूनच विकली जाते. हॉस्टेलला असताना आमचा हिशोब सोपा होता, चौघांत दोन बाटल्या येणार तर त्या दोनमधून जास्तीत जास्त काय निघतं. चव बघायची चैन नव्हतीच, नाक दाबून घशाखाली. त्यामुळे कुणी परमिट रूममध्ये स्ट्राँग मागवणाऱ्याला हसला की माझं डोकं फिरतं. खिशात किती आहेत यावरही आवड ठरते बाबा.

पण हिशोब पूर्ण करू. ६५० मिलीच्या बाटलीत ८ टक्के म्हणजे ५२ मिली शुद्ध अल्कोहोल. व्हिस्की ४२.८ टक्के असते, तिच्या ३० मिलीच्या पेगमध्ये १३ मिलीपेक्षा थोडं कमी. म्हणजे एक स्ट्राँग बाटली बरोबर चार छोटे पेग, आणि ५ टक्केवाली बाटली अडीच. 'मी फक्त बिअर घेतो, हार्ड घेत नाही' असं छाती काढून सांगणारे आमचे एक काका दोन स्ट्राँग संपवतात. आठ पेग, काका. आणि गाडीची किल्ली मागू नका, कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, ती एका स्ट्राँगमध्येच आरामात ओलांडली जाते.

बिअरमधलं ग्लिसरीन कसं काढायचं?

आता हे नीट वाचा. परमिट रूममध्ये तुम्ही पाहिलं असेल, एक अनुभवी माणूस पाण्याने भरलेला ग्लास घेतो, बाटलीच्या तोंडावर अंगठा ठेवतो, उलटी करून तोंड पाण्यात बुडवतो, अंगठा काढतो आणि मग बाटलीतून काहीतरी दाट, तेलासारखं, धाग्याधाग्याने खाली उतरताना दिसतं. टेबलावरचे सगळे गप्प. 'बघ, ग्लिसरीन.' मीही पहिल्यांदा बघितलं तेव्हा हादरलो होतो.

मग एकदा घरी बसल्या बसल्या तोच प्रयोग कोकम सरबतावर केला. रिकामी पाइंट धुतली, सरबत गळ्यापर्यंत भरलं, अंगठा लावला, उलटी केली. लालभडक धागे सरळ खाली, अगदी तसेच, उलट रंगामुळे अजून छान दिसले, आणि तळाशी लाल थर साचत गेला तसं वर बाटलीत पांढरं पाणी चढायला लागलं. सरबतात कुणी घातलं होतं ग्लिसरीन? मीच केलं होतं ते. साधी गोष्ट आहे, बिअरमध्ये न आंबलेल्या साखरा वगैरे उरलेल्या असतात म्हणून ती पाण्यापेक्षा किंचित जड असते, जड खाली येतं, हलकं वर जातं. आंबताना यीस्ट स्वतः थोडं ग्लिसरीन बनवतं हे खरं, पण ते सगळ्या बिअरमध्ये विरघळलेलं असतं, असं वेगळं गळून येत नाही. त्या प्रयोगात तुम्ही फक्त पैसे देऊन घेतलेली बिअर पाण्यात ओतता आणि बाटलीत पाणी भरता.

आयपीएमध्ये इंडिया कुठून आला? आपल्याकडे बनायची का?

आयपीए म्हणजे इंडिया पेल एल, फिकट रंगाची एल. बनायची लंडनला, यायची मुंबई-कलकत्त्याला. अठराव्या शतकाच्या शेवटी लंडनमधल्या बो ब्रुअरीचा हॉजसन ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरून पेल एल पाठवायचा, ब्रुअरीपासून कंपनीची गोदी जवळ आणि त्याने कप्तानांना उधारीवर माल द्यायला सुरुवात केली, धंदा तिथे जमला. प्रवास चार ते सहा महिन्यांचा, विषुववृत्त दोनदा ओलांडायचं, म्हणून टिकावी यासाठी हॉप्स जास्त, लोणच्यात मीठ-तेल सढळ हाताने घालतो तसं. पुढे १८२० च्या दशकात बर्टन गावचे ब्रुअर यात उतरले, तिथल्या पाण्यात जिप्सम नावाचा क्षार भरपूर, त्याने कडवटपणा अजून खुलतो. हॉजसनने एका रात्रीत आयपीएचा शोध लावला ही गोष्ट मात्र सोडून द्या, हॉप्स जास्त घातलेली बिअर उष्ण देशात पाठवायची युक्ती त्याच्या आधीपासून माहीत होती.

पीत होते गोरे साहेब. आपल्या पणजोबांचा संबंध आला असेल तर पेट्या उतरवण्यापुरता. नंतर ही स्टाइल विस्मरणात गेली आणि अमेरिकेतल्या छोट्या ब्रुअरींनी १९७० नंतर स्वतःचे हॉप्स घालून परत उभी केली, आज मेनूवर जी संत्र्या-ग्रेपफ्रूटच्या वासाची आयपीए दिसते ती अमेरिकन अवतारातली. नावात इंडिया असलेली गोष्ट अमेरिकेहून फिरून आपल्याकडे आली.

मला आयपीए आवडत नाही. माझी टेस्ट कच्ची आहे का?

नाही रे बाबा. कडू नको म्हणणं हे जिभेचं जन्मापासूनचं काम आहे, लहान मूल कारलं थुंकतं तसं. सवयीने काहींना आवडायला लागतं, काहींना नाही लागत. मेनूवर आयबीयू असा आकडा असेल तर तो कडवटपणाचा, १०-१५ असेल तर बिनधास्त घ्या, ५०-६० दिसला तर आधी सॅम्पल मागा. बहुतेक मायक्रोब्रुअरीत छोट्या ग्लासात चाखायला देतात, लाजू नका, साडीच्या दुकानात पन्नास साड्या उलगडायला लावताना लाजतो का आपण? मी स्वतः दोन वर्षं आयपीए आवडते असं नाटक केलंय, कारण ऑफिसातल्या सगळ्यांना आवडायची, आणि मग खरंच आवडायला लागली, आता नाटक कुठे संपलं ते मलाही सांगता येत नाही.

आंबट बिअर म्हणजे खराब झालेली?

मुद्दाम आंबट केलेली. ब्रुसेल्सच्या आसपास लँबिक बनते, तिच्यात यीस्ट घालतच नाहीत, हवेतलं आणि लाकडी पिंपातलं जे येईल ते येऊ देतात. जर्मनीत गोझे आहे, तिच्यात मीठ आणि धणे. आपल्याकडे कोकम घातलेली आंबट बिअर कुठे दिसली तर सोडू नका, मीठ-कोकम-धणे हे आपल्या जिभेला कुणी शिकवायला नको.

पाइंट, ड्राफ्ट, टॅप... गोंधळ होतो.

आपल्याकडे पाइंट म्हणजे ३३० मिलीची छोटी बाटली. इंग्लंडमध्ये पाइंट म्हणजे ५६८ मिली, त्यामुळे आमचा एक मित्र तिकडे पहिल्याच दिवशी 'फक्त तीन पाइंट घेतल्या' म्हणत खोलीवर कसा पोचला ते त्यालाच माहीत. ड्राफ्ट म्हणजे पिंपातून थेट नळाने दिलेली, बऱ्याचदा पाश्चराइज न केलेली, म्हणून ताजी असताना छान आणि लवकर खराब होणारी. टॅप म्हणजे तो नळ.

टॅपवरून आठवलं. २००९ मध्ये पुण्यात महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी निघाली, डूलाली. हा शब्द आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचा. बोटीची वाट बघत देवळालीच्या छावणीत अडकलेले गोरे सोल्जर कंटाळून, उन्हाने, तापाने चळायचे, त्याला ते 'डूलाली टॅप' म्हणायला लागले. यातला टॅप म्हणजे नळ नाही, आपला ताप.

किती थंड प्यावी? बर्फ घातला तर चालतो?

लागर ४ ते ७ डिग्री, एल आणि स्टाउट ८ ते १२. जीभ बधिर होईल इतकी थंड केली तर चव कळतच नाही, स्वस्त बिअर 'चिल्ड' विकायचं कारणही तेच. मी वाहवत जाऊन एकदा गटारीला बाटल्या फ्रीझरमध्ये टाकल्या आणि विसरलो, रात्री अकराला आतून फट् असा आवाज, फ्रीझरमध्ये काचा, पिवळा बर्फ आणि त्यात रुतून बसलेली मटाराची पिशवी. सकाळी बायकोने ते सगळं तसंच ठेवून मला दाखवलं. बर्फाचं म्हणाल तर माझे सासरे घालतात. मी पंधरा वर्षांत काही बोललेलो नाही आणि बोलणार पण नाही.

हिरव्या बाटलीतल्या बिअरला कधीकधी विचित्र वास येतो, का?

उन्हामुळे. हॉप्समधल्या कडू घटकावर प्रकाश पडला की गंधकाचा एक घाण वास तयार होतो, परदेशात त्याला स्कंकचा वास म्हणतात, आपण स्कंक बघितलाय कुठे, मला तरी तो जळक्या रबरासारखा येतो. तपकिरी काच हे बरंच अडवते, हिरवी कमी, पांढरी जवळजवळ नाही. बिअर शॉपीत दाराशी उन्हात लावलेल्या बाटल्या घेऊ नका, आतल्या फ्रिजमधली मागा, कॅन मिळाला तर अजून उत्तम.

चखणा काय?

मसाला शेंगदाणे, प्रश्न मिटला. पण खरं सांगायचं तर तिखट आणि कडू एकत्र आले की तिखट अजून झोंबतं, त्यामुळे झणझणीत सुक्या मटणाबरोबर आयपीए म्हणजे स्वतःहून मार खाणं. तिथे गोडसर, माल्टवाली किंवा व्हीट बिअर घ्या. रव्यातले बोंबील किंवा सुरमई असेल तर पिल्सनर, तेल कापते. स्टाउटबरोबर मी एकदा दिवाळीतली चॉकलेट बर्फी खाल्ली होती, लोकांनी नावं ठेवली, पण जमलं होतं.

मुतखड्यावर बिअर चांगली म्हणतात.

म्हणतात, आणि ज्याला खडा होतो त्याच्या घरी पहिला फोन असल्याच मित्राचा येतो. बिअरने लघवी जास्त होते, पण अल्कोहोलने अंगातलं पाणी कमी होतं, आणि मोठा खडा असेल तर नुसता जोर वाढवून तो निघत नाही, दुखणं वाढतं. पाणी प्या, डॉक्टरांना दाखवा. पोट सुटण्याचं विचाराल तर ५ टक्क्यांच्या ३३० मिलीत दीडशेच्या आसपास कॅलरी असतात, वर फरसाण आपण मोजतच नाही.

परमिट खरंच लागतं का?

महाराष्ट्रात कागदोपत्री हो, पिण्याचा परवाना लागतो, एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजन्म. माझ्याकडे आजन्म आहे. आजपर्यंत कुणी विचारलेलं नाही, त्यामुळे मीच पाहुण्यांना काढून दाखवतो.

तुझी आवडती कुठली मग?

एका रविवारी घरी आम्ही पाच जण बसलो आणि चार बिअर स्टीलच्या पेल्यांत ओतल्या, म्हणजे रंग दिसायला नको, आणि पेल्याखाली कागदाची चिठ्ठी. मी नेहमीप्रमाणे भाषण केलं. दुसऱ्या पेल्याबद्दल म्हणालो की ही बघा, ब्रुअरने किती हलक्या हाताने काम केलंय, माल्ट कसा बोलतोय. चिठ्ठी उलटली तर कोपऱ्यावरच्या शॉपीतली माइल्ड, जिला मी गेली पाच वर्षं नळाचं पाणी म्हणत होतो. त्या दिवसापासून उन्हाळ्यात तीच घेतो, पावसाळ्यात स्टाउट, आणि मासे असले की पिल्सनर.

आमचा एकजण आहे, स्ट्राँगशिवाय काही घेत नाही. त्याने चारही पेले दोनदा फिरवले आणि हेफेवायझनवर बोट ठेवून विचारलं, यात केळं कुणी टाकलं रे, पण भारी लागतंय. चिठ्ठी बघितली, मान डोलावली, पेला संपवला. पुढच्या शनिवारी त्याने स्ट्राँगच मागवली.